पाव टक्का

उद्यमबागेत माझं एक लेथ आहे, सेकंडहँड.
बोअर पाव मिलिमीटरनं सुटलं
की आख्खा जॉब भंगारात.
गिऱ्हाईक बोलतही नाही, नुसतं बाजूला सरकवतं.
म्हणून बँकेतला पोरगा म्हणाला
"पाव टक्का इकडे तिकडे, काका,"
तेव्हा माझा हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला.

पोरगा पुण्याकडचा.
म्हणाला, दर तरंगता आहे. उतरेल, पण चढूही शकतो.
आमच्या बेळगावात त्या 'पण'ला 'खरं' म्हणतात.
उतरंल, खरं चढंल बी.
मी सही केली. मराठीत. बत्तीस ठिकाणी.

फ्लॅट अनगोळात, दुसरा मजला.
राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला.
टेप घेऊन खोल्या मोजत होतो, तर शेवंती दारातून म्हणाली,
"आपण राहणार नाही त्या घराच्या भिंती
कशाला मोजूलालाय?"

हप्ता सोळा हजार एकशे ऐंशी.
एकशे ऐंशी वेळा.
भाडं नऊ हजार, उरलेलं लेथनं द्यायचं.

दर चढला तरी बँक हप्ता वाढवत नाही.
महिने वाढवते.
एकशे ऐंशीचे एकशे अठ्ठ्याण्णव झाले,
मग दोनशे बारा.
मी तेवढेच भरतो, सात तारखेला, न चुकता,
आणि शेवट सरकत राहतो पुढं
सैल चकमधल्या जॉबसारखा.

आधीची पत्रं इंग्रजीत. पोरगी वाचायची.
ती आता बेंगळुरात.
या खेपेचं कानडीत आलं.
कानडी मला बोलता येतं, भांडता येतं,
उधारी मागायला तर फारच छान येतं.
वाचता येत नाही.
पत्र घेऊन भाडेकरणीकडं गेलो.
तसंही जायचंच होतं,
भाडं हजारानं वाढतंय हे सांगायला.

दानेश्वरी मुधोळची. नर्स.
रात्रपाळी करून आलेली, केस ओले,
आत कुकरची दुसरी शिट्टी.
उंबऱ्यातच उभी राहून वाचू लागली, ओळीखाली बोट धरून.
बड्डी म्हणजे व्याज, एवढं मला कळत होतं.
"सव्वानऊ टक्के झालंय, अंकल.
दोनशे एकतीस हप्ते.
नाहीतर हप्ता वाढवून घ्या म्हणतात,
अठरा हजार तीस."
पान उलटून पाहिलं तिनं. मागं कोरं.
मग म्हणाली,
"म्हणजे माझं किती?"

पाचशे, म्हणालो.

हजार म्हणायला आलेला मी.
दया आली असं नाही, दयेला माझ्याकडं जागा नाही,
खरं माझा आकडा तिच्या तोंडून ऐकला
आणि पुढचा आकडा तोंडातच अडकला, अर्धा बाहेर आला.
तिसरी शिट्टी झाली.
ती गॅस बंद करून आली, पेन घेऊन.
खालचा अर्ज तिनंच भरला, कानडीत, गोल अक्षरात.
"महिने की पैसे?"
महिने.
चौकटीत खूण केली तिनं. सही माझी.
शेवटच्या हप्त्याला मी पासष्टचा असेन.
लेथ किती वर्षांचं असेल कोण जाणे,
घेतलं तेव्हाच नंबरप्लेट घासलेली होती.

गेल्या आठवड्यात जिन्यात भेटली, ड्यूटीला निघालेली.
"अंकल, बड्डी कडिमे आयतु. टीव्हीवर सांगितलं.
पाव टक्का."
पाचशातले किती परत, असं काही विचारलं नाही.
बॅगेची चेन लावत
दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली मात्र.

"व्हय," मी म्हणालो,
"खरं पत्र आलं नाही अजून."